हैफाचं टोक आणि एलियाहू हनाबींची पायवाट



तूबिश्वात जवळ आला की आपल्या घरांत पोहे भिजतात, नारळ फुटतो आणि कोणीतरी म्हातारं माणूस खंडाळ्याची आठवण काढतं. अलिबागजवळच्या त्या खंडाळ्याला खडकावर रथाच्या चाकाची आणि घोड्यांच्या टापांची खूण आहे. आपले वाडवडील सांगत, एलियाहू हनाबी इथूनच रथात बसून वर गेले. तिथे जाऊन आपली माणसं मलिदा करीत, नवस फेडीत. अलिया करून इथे आल्यावर खंडाळा लांब पडला. पण एलियाहू हनाबींची दुसरी जागा इथेच हैफाला आहे, कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी. पुष्कळजण गाडीने थेट गुहेपाशी जातात, मलिदा करतात आणि परत फिरतात. आम्ही या खेपेला डोंगराच्या टोकावरून पायवाटेने खाली उतरलो. त्याची ही हकिगत.

आम्ही म्हणजे लोद आणि रामलाची नऊ म्हातारी माणसं आणि सात नातवंडं. सर्वांत वडील काका ८८ वर्षांचे, सर्वांत लहान नात सहा वर्षांची. आमच्यात दोघी निवृत्त नर्स. त्यामुळे निघण्याआधी सगळ्यांचं ब्लडप्रेशर घेतलं गेलं, साखरेच्या गोळ्या कोणाच्या पिशवीत आहेत ते पाहिलं गेलं आणि एका काकांच्या पायांतल्या सपाता काढून त्यांना बूट घालायला लावले. काका रागावले. पण नर्सपुढे कोणाचं चालतं?

ही सहल खरं तर २०२४ च्या शरदात व्हायची होती. तेव्हा लेबनॉनकडून हैफावर रॉकेटं पडत होती. नोव्हेंबरच्या अखेरीस युद्धविराम झाला आणि आम्ही २०२५ च्या फेब्रुवारीतला तूबिश्वात धरला. मुलांनी त्या दिवशी शाळेला दांडी मारली, आईबापांच्या परवानगीने. रस्त्याने जाताना बदामाची झाडं पांढरीगुलाबी फुललेली होती. मिनीबसमध्ये मागच्या सीटवर पोह्यांचा डबा, किसलेलं खोबरं, गूळ, वेलची, खजूर, केळी आणि सफरचंदं. पोहे रामलाच्या हिंदी दुकानातले.

बालमित्रांनो, टोक म्हणजे काय ते आधी सांगतो. पुस्तकात त्याला भूशिर म्हणतात. जमीन पुढे पुढे जाऊन समुद्रात डोकं खुपसते, तिथे टोक. कार्मेल हा लांबलचक डोंगर आहे. त्याचं सर्वांत उंच ठिकाण ५४६ मीटर. तो आग्नेयेकडून येतो आणि हैफाला येऊन समुद्राशी थांबतो. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये इतकी थोडी जागा उरते, की रस्ता आणि रेल्वेचे रूळ अगदी अंग चोरून जातात. या टोकावर स्टेला मारिस नावाचा कार्मेलाइट पाद्र्यांचा मठ आहे. मठाची आजची इमारत १८३६ ची. जवळच दीपगृह आहे, ते १९२८ चं. दीपगृह नौदलाच्या हद्दीत असल्यामुळे आत जाता येत नाही, बाहेरूनच पाहावं.

मिनीबसने आम्हाला मठापाशी सोडलं. मठाच्या समोर बागेत एक लहानसा पिरॅमिड आहे. मुलांना वाटलं खेळण्याचा आहे. आम्ही दोघी नर्स मात्र तिथे थोडा वेळ थांबलो. १७९९ साली नेपोलियनने समोरच्या अक्कोला वेढा दिला, तेव्हा हा मठ त्याच्या आजारी आणि जखमी शिपायांचं हॉस्पिटल झाला होता. वेढा फसला, सैन्य परत गेलं आणि मागे राहिलेले रुग्ण मारले गेले. त्यांची ही समाधी. एका मुलीने विचारलं, "त्यांना बरोबर का नाही नेलं?" आम्ही सांगितलं, ज्याला चालता येत नाही त्याला न्यायला दोन माणसं लागतात. घाईत असलेलं सैन्य ती दोन माणसं देत नाही.

मग रस्ता ओलांडून आम्ही कड्यावर आलो. काय सांगावं! पायाखाली बात गालीमची घरं, पुढे निळं पाणी, उजवीकडे बंदर आणि वळत गेलेला उपसागर, पलीकडे अक्को. हवा स्वच्छ असल्यामुळे उत्तरेला रोश हानिक्राचा पांढरा कडासुद्धा दिसला. खाली अगदी किनाऱ्यावर रामबाम हॉस्पिटल. हे १९३८ साली इंग्रजांच्या अमदानीत बांधलं. त्याच्या जमिनीखालच्या पार्किंगमध्ये लढाईच्या वेळी २००० खाटांचं हॉस्पिटल उभं राहतं आणि २०२४ च्या सप्टेंबरात खरोखरच रुग्णांना तिथे खाली हलवलं होतं. आम्ही दोघींनी मुलांना सांगितलं, एक खाट हलवायची तर सलाइन, ऑक्सिजन, कागद, चष्मा, दातांची कवळी, सगळं त्या माणसाबरोबर गेलं पाहिजे. शेवटच्या दोन गोष्टी घाईत नेहमी मागे राहतात.

इथे आपल्या हिंदी माणसांचीही आठवण आहे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडेस्वारांनी तुर्कांकडून हैफा घेतलं. म्हैसूरच्या स्वारांची एक तुकडी याच कार्मेलवर चढून तोफांवर चालून गेली. जोधपूरचे मेजर दलपतसिंग त्या दिवशी पडले. दिल्लीतल्या तीन मूर्ती चौकाला २०१८ पासून हैफाचं नाव जोडलेलं आहे. हे ऐकून आमचे ८८ वर्षांचे काका एकदम ताठ उभे राहिले. ते स्वतः मुंबईत रेल्वेत होते, फौजेत नव्हते, पण ताठ उभं राहायला फौज कशाला लागते?

आता मुख्य गोष्ट लिहितो.

आमच्याबरोबर आमची एक रेवदंड्याची मैत्रीण होती, वय ८३. तिच्या मुलांनी लिहायला परवानगी दिली आहे, फक्त नाव घालू नका म्हणाले. ती १९६४ साली इथे आली. उल्पानमध्ये हिब्रू शिकली, कारखान्यात काम केलं, चार मुलं वाढवली आणि सगळ्यांशी हिब्रूतच बोलली. त्या काळी आम्हा सगळ्यांनाच वाटायचं, मुलांना मराठी शिकवली तर ती मागे पडतील. गेल्या तीन वर्षांत तिला विसरायला होऊ लागलं. आम्ही नर्सिंगमध्ये हे पुष्कळदा पाहिलेलं आहे. मोठेपणी शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते, आईची भाषा मागे राहते. आता तिच्या तोंडून हिब्रू जवळजवळ गेली आहे. ती मराठी बोलते आणि घरात मराठी कोणालाच येत नाही. मुलगी फोन करून आम्हाला विचारते, "आई सकाळपासून असं असं म्हणते आहे, म्हणजे काय?" आम्ही फोनवर अर्थ सांगतो. एकदा ती तीन तास "चूळ भरायचीय" म्हणत होती आणि घरातले तिला जेवायला वाढत होते.

तिच्याबरोबर तिचा अकरा वर्षांचा नातू होता. आम्ही जोड्या लावल्या होत्या, एका म्हाताऱ्यामागे एक मूल. आम्ही दोघी नर्स मोकळ्या, एक पुढे आणि एक मागे. पुढचीच्या हातात काठी, मागचीच्या पाठीवर औषधांची पिशवी. असा सगळा बंदोबस्त करून आम्ही पायवाटेला लागलो.

वाट चांगली आहे. सुरुवातीला कठडा आहे, मग खडीची उतरण. दोन्ही बाजूंना चुनखडीचे खडक, त्यांच्या फटींतून फिकट गुलाबी राकेफेतची फुलं मान खाली घालून उभी. मस्तकीची झुडपं इतकी दाट की वाऱ्याचा आवाज त्यांतून गाळून येतो. थोडं खाली एक घुमटीची दगडी खोली लागते. ही पूर्वी पवनचक्की होती, आता छोटं चर्च आहे. तिथून समुद्र पुन्हा मोकळा दिसतो. तिथे आम्ही बसलो, पाणी प्यायलो आणि मुलांना एलियाहू हनाबींची गोष्ट सांगायला घेतली.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. तीन वर्षं पाऊस नव्हता. एलियाहू हनाबी कार्मेलच्या माथ्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसले आणि आपल्या चाकराला म्हणाले, जा, समुद्राकडे बघ. तो सहा वेळा रिकामा परत आला. सातव्या वेळी म्हणाला, तळहाताएवढा ढग वर येतो आहे. मग आभाळ काळं झालं आणि पाऊस कोसळला. आम्ही कोकणातली माणसं ही गोष्ट लवकर समजतो. आमचा पाऊसही पश्चिमेच्या समुद्रातूनच यायचा. मे अखेरीला आमच्या आया अंगणात उभ्या राहून तसाच ढग शोधायच्या. आम्ही मुलांना म्हटलं, बघा बरं, आहे का तळहाताएवढा ढग? सगळी मुलं धावली, म्हाताऱ्यांचे हात सोडून.

चूक आमची होती. पुढची नर्स गोष्ट सांगण्यात रमली, मागची पिशवी आवरण्यात. मुलांना धावायला आम्हीच सांगितलं. आमची मैत्रीण उठली आणि पदर सारखा करून सरळ कडेच्या बाजूला चालू लागली. तिथे कठडा नव्हता. खाली खडकाळ उतार आहे. आम्हाला दिसली तेव्हा ती दहा-बारा पावलं गेली होती आणि वर वळून दीपगृहाकडे बघत म्हणत होती, "तर सुटली काय गं? पलीकडं जायचंय मला. अंधार होईल."

बालमित्रांनो, तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी. रेवदंड्याची खाडी आहे, तिच्या पलीकडे कोरलईचं टोक. समुद्रात घुसलेला डोंगर, वर पोर्तुगीजांचा जुना किल्ला, पायथ्याशी १९५५ चं दीपगृह. त्या काळी खाडीवर पूल नव्हता, तरीनेच जावं लागे. कोरलई गावातलं चर्चही माउंट कार्मेलच्या नावाचं आहे, म्हणजे याच डोंगराच्या नावाचं. आमच्या मैत्रिणीला समोर डोंगराचं टोक दिसलं, दीपगृह दिसलं, पाण्यापलीकडे गाव दिसलं. ते अक्को होतं. तिला ते रेवदंडा वाटलं. ती कोरलईला अडकली होती आणि तिला घरी जायचं होतं.

आम्हाला ओरडावंसं वाटलं. पण ओरडलं तर माणूस दचकतं, दचकलं तर पाय घसरतो. चाळीस वर्षांच्या नोकरीत आम्ही हे शिकलो आहोत की अशा वेळी मागून धरू नये, वाद घालू नये, "हे हैफा आहे, रेवदंडा नाही" असं तर मुळीच सांगू नये. समोरून यावं, दिसेल असं यावं आणि तिच्या भाषेत बोलावं. आम्ही दोघी वाटेच्या वरच्या अंगाला होतो. तिच्या पुढच्या बाजूला, अगदी जवळ, होता तिचा नातू.

आम्ही त्याला हळूच हिब्रूत म्हटलं, "हल्लकल्लोळ करू नकोस. तिच्यासमोर ये, हात पुढे कर आणि आम्ही सांगतो ते म्हण." मग मराठीत एक एक शब्द सांगितला. मुलगा पांढराफटक झाला होता. पण आला. हात पुढे केला आणि म्हणाला, "आजी, तर अजून आहे. बस."

त्याचा उच्चार असा होता की 'तर'चा 'तार' झाला. पण तिने त्याच्याकडे पाहिलं. नातू म्हणून ओळखलं की नाही, सांगता येत नाही. म्हणाली, "आहे काय? मग बसते." आणि त्याचा हात धरून वाटेवर परत आली आणि दगडावर बसली. आम्ही दोघींनी तिच्या दोन्ही बाजूंना बसून तिची नाडी बघितली. तिची नाडी ठीक होती. आमची बघायला कोणी नव्हतं!

नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. मुलगा तिच्याजवळून हलेना. मग त्याने विचारलं, "आजीला आणखी काय काय म्हणता येईल?" आम्ही शब्द सांगितले, त्याने फोनमध्ये हिब्रू अक्षरांत लिहून घेतले. पाणी हवं? दुखतं का? इकडे ये. घाबरू नकोस. मी आहे. गुहेपर्यंत जाताना तो हे शब्द तोंडात घोळवत होता आणि आजी मधूनमधून "असं नाही रे" म्हणून त्याचा उच्चार सुधारत होती. हा उतार तरुण माणूस वीस मिनिटांत उतरेल. आम्हाला तास-सव्वा तास लागला. शेवटी पायऱ्या आहेत. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर भार जास्त येतो, म्हणून एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची पायरी घ्यावी.

गुहा मोठी आहे, एखाद्या हॉलसारखी, वर काळवंडलेला खडक. पुरुषांची आणि बायकांची बाजू वेगळी. भिंतींवर फार जुन्या काळच्या यात्रेकरूंनी ग्रीक अक्षरांत कोरलेले लेख आहेत. ही जागा आपल्यालाच नव्हे, ख्रिस्ती, मुसलमान आणि द्रूझ लोकांनाही पवित्र. पूर्वी मन ठिकाणावर नसलेल्या माणसांना बरं वाटावं म्हणून इथे आणून ठेवीत. आम्ही औषधपाण्यावर विश्वास ठेवणारी माणसं. गुहेत ठेवून तो आजार बरा होतो असं आम्ही कोणाला सांगणार नाही, तुम्हीही डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका. पण त्या काळी माणूस वेडा झाला की पुष्कळ ठिकाणी त्याला साखळी घालीत. इथे त्याला घरची माणसं हात धरून घेऊन यायची आणि त्याच्याजवळ बसायची, ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटली.

बाहेरच्या अंगणात आम्ही मलिदा करायला घेतला. पोहे भिजवले, गूळ चिरला. आमच्यात वाद सुरू झाला, खोबरं आधी की गूळ आधी. अलिबागकडच्यांचं एक म्हणणं, पेणकडच्यांचं दुसरं. तेवढ्यात आमची रेवदंड्याची मैत्रीण पुढे सरकली. तिने बांगड्या मागे सारल्या, परात ओढली आणि कोणाला न विचारता पोह्यांत गूळ चोळायला लागली. मग खोबरं, मग वेलची. जायफळ कोणी आणलंच नव्हतं. ती थांबली, हात पुढे करून म्हणाली, "जायफळ?" आम्ही म्हटलं, विसरलो. म्हणाली, "तुमचं काही खरं नाही." आम्ही सगळे हसलो. नातवाने विचारलं, सगळे का हसता? समजावून सांगितल्यावर तोही हसला, पण जरा उशिरा.

मलिद्याच्या ताटात पाच फळं ठेवली, बेराखा म्हटल्या, एलियाहू हनाबींचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी खाल्लं. मिनीबस खाली येऊन थांबली होती. परतताना मैत्रीण झोपली, तिचं डोकं नातवाच्या खांद्यावर. लोद येईपर्यंत त्याने खांदा हलवला नाही.

आता जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. सकाळी लवकर जावं. बूट घालावेत, सपाता नकोत. पाऊस पडून गेला असेल तर दगड घसरतात, त्या दिवशी वाट टाळावी. गुडघे दुखणाऱ्यांनी वरचा देखावा बघावा आणि गाडीने खाली गुहेपाशी यावं, त्यात कमीपणा नाही. १९८६ पासूनची एक लहान केबल कार बात गालीमहून वर येते, पण ती त्या दिवशी चालू आहे का ते फोन करून आधी विचारावं. गुहा केव्हा उघडी असते तेही विचारावं. उन्हाळा संपताना गेलात तर हत्सावचे पांढरे फुलोरे उतारावर उभे दिसतील. आणि बरोबर कोणी विसरणारं माणूस असेल तर गोष्ट कितीही चांगली असली तरी त्याचा हात सोडू नये. हे आम्ही आम्हालाच सांगतो आहोत.

बालमित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या सफ्ता-सबाकडून वीस मराठी शब्द शिकून ठेवा. गाणी, कविता नंतर. आधी पाणी, भूक, दुखतं, थंडी, लघवी, घर, बस, ये, आहे, नाही. त्या मुलाच्या फोनमध्ये आता ६४ शब्द झाले आहेत. दर शुक्रवारी शब्बाथच्या आधी तो आजीला फोन करतो. आई सांगत होती, तो आधी विचारतो, "आजी, तर आहे?" आणि ती पलीकडून म्हणते, "आहे, आहे. ये लवकर."

पुढच्या तूबिश्वातला पुन्हा जायचं ठरलं आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी आम्हाला आधी कळवावं, म्हणजे मिनीबस मोठी घेता येईल. जायफळ या वेळी आम्ही आठवणीने आणू.

शब्बाथ शालोम.

— एक निवृत्त नर्स आणि मंडळी, लोद